रुतलेला रणगाडा आणि ओढणाऱ्याचे कर्म

चिलखती रिकव्हरी वाहन म्हणजे तोफेचा बुरूज उतरवून त्या जागी विंच, क्रेन, पोलादी दोर आणि वेल्डिंगचे सामान बसवलेला रणगाडा. चिखलात रुतलेले, खंदकात कलंडलेले, सुरुंगाने पट्टा तुटलेले किंवा इंजिन बंद पडलेले रणगाडे गोळीबाराच्या टप्प्यातून मागे ओढून आणायचे आणि जमल्यास जागेवरच दुरुस्त करून पुन्हा आघाडीवर धाडायचे, हे त्याचे काम. ते स्वतः कुणावर चाल करून जात नाही. पण त्याने आज बाहेर काढलेला रणगाडा उद्या तोफ डागतो. त्या तोफेने जे मरतात त्यांच्या मृत्यूत ओढणाऱ्याचा वाटा असतो का, असल्यास किती, आणि तो कोणत्या मापाने मोजायचा, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. पोलंडच्या बाबतीत तो विशेष ठसठशीतपणे समोर येतो. या वाहनांची सलग परंपरा तिथे आहे. दुसऱ्याच्या पापाला लागलेल्या हातभाराची बारीक चिकित्सा करणारे कॅथलिक नीतिशास्त्र त्या समाजात मुरलेले आहे. ‘चांगले काम’ या कल्पनेवर आख्खा ग्रंथ लिहिणारा तत्त्वज्ञही त्याच देशाचा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडकडे खास रिकव्हरी वाहन नव्हते. ‘७टीपी’ या हलक्या रणगाड्याच्या सांगाड्यावर बनवलेला ‘सी७पी’ हा ट्रॅक्टर मुख्यतः २२० मिमीच्या अवजड तोफा ओढण्यासाठी होता, आणि गरज पडेल तेव्हा बंद पडलेले रणगाडेही त्यालाच जोडले जात. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचे अनेक रणगाडे शत्रूच्या तोफांनी नव्हे, तर इंधन संपल्याने आणि बिघाडाने हातचे गेले. रस्त्याकडेला सोडून द्यावा लागलेला रणगाडा हा दुहेरी तोटा असतो, कारण तो आपला राहत नाही आणि शत्रूचा होऊ शकतो. ऑक्टोबर १९४३ मध्ये लेनिनोच्या लढाईत सोव्हिएत बाजूने लढणाऱ्या पोलिश तुकड्यांना हाच धडा वेगळ्या रीतीने मिळाला. मेरेया नदीकाठच्या दलदलीने रणगाड्यांची वाट अडवली आणि पुढे गेलेल्या पायदळाला चिलखती पाठबळ वेळेवर मिळाले नाही. त्याची किंमत पायदळाने मोजली. रिकव्हरीच्या बाजूने करायचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद इथेच सापडतो. रणगाडा रुतला की त्याच्या भरवशावर पुढे गेलेली माणसे उघड्यावर पडतात.

युद्धानंतर वाबेंडीच्या कारखान्यात १९५१ पासून टी-३४, १९५६ पासून टी-५४ आणि पुढे टी-५५ हे सोव्हिएत रणगाडे परवान्याने बनू लागले. वाबेंडी हा आता ग्लिविचे शहराचा भाग आहे. कोळसा आणि पोलाद यांच्यावर वाढलेल्या अप्पर सायलेशियातला हा कारखाना पुढे ‘बुमार-वाबेंडी’ या नावाने ओळखला गेला. जुन्या टी-३४चे बुरूज काढून त्यांचे ‘सीडब्ल्यू-३४’ हे साधे ओढगाडे करण्यात आले. त्यानंतरच्या ‘डब्ल्यूपीटी-३४’ मध्ये मात्र कल्पनाच बदललेली दिसते. ओढणे हे अनेक कामांपैकी एक ठरले. गाडीत दुरुस्तीची हत्यारे आली, जमिनीत रोवायचा नांगर आला, खोल पाण्यातून जाण्याची सोय आली. म्हणजे वर्कशॉप रणगाड्यापर्यंत जाऊ लागले. चेकोस्लोव्हाक बनावटीच्या टोपास या उभयचर वाहनावर बेतलेले ‘डब्ल्यूपीटी-टोपास’ हे त्याच विचाराचे हलके रूप.

१९७०च्या सुमारास टी-५४ आणि टी-५५च्या सांगाड्यावर ‘डब्ल्यूझेडटी-१’ आले आणि काही वर्षांत त्याची सुधारित आवृत्ती ‘डब्ल्यूझेडटी-२’. भारतासह अनेक देशांनी दुसरे वाहन विकत घेतले. खरी झेप १९८०च्या दशकात टी-७२ परवान्याने बनू लागल्यावर घेतली गेली. ४१ टनांहून जड असलेल्या रणगाड्याला टी-५५चा सांगाडा पुरा पडत नव्हता. ग्लिविचे येथील ‘ओब्रुम’ या संशोधन केंद्राने टी-७२च्याच सांगाड्यावर ‘डब्ल्यूझेडटी-३’ उभे केले. त्याला १५ टन उचलणारी फिरती हायड्रॉलिक क्रेन आहे, सुमारे २८ टन ताण देणारे मुख्य विंच आहे आणि कप्प्या लावून तो ताण तिप्पट करता येतो. पुढच्या बाजूला बुलडोझरसारखे पाते आहे, पाठीवर सुटे इंजिन वाहून नेण्याजोगा चौथरा आहे आणि छतावर १२.७ मिमीची मशीनगन आहे. चालकदल चौघांचे. मलेशियाने २००३ मध्ये पोलंडकडून ४८ पीटी-९१ रणगाडे घेण्याचा करार केला, तेव्हा त्यांच्या जोडीला सहा ‘डब्ल्यूझेडटी-४’ वाहने घेतली.

ही वाहने पुढे कोणत्या क्रमाने सुधारली यापेक्षा त्यांच्याकडून काय अपेक्षिले गेले, हे या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे. रुतलेला रणगाडा बाहेर काढण्याची प्रत्यक्ष क्रिया पाहिली की ते कळते. रिकव्हरी वाहन आधी योग्य अंतरावर तोंड करून उभे राहते आणि पुढचे पाते जमिनीत रोवते, कारण नुसत्या वजनावर ते स्वतःच रुतलेल्याच्या दिशेने घसरत जाईल. मग चौघांपैकी कुणीतरी झाकण उघडून बाहेर पडतो, चिखलातून चालत दोराचे टोक रणगाड्यापर्यंत नेतो आणि त्याच्या हुकात शॅकल अडकवतो. चिलखत इथे उपयोगाचे नसते. नंतर दोर ताणला जातो, आणि त्या वेळी आसपास कुणी उभे राहायचे नसते, कारण तुटलेला पोलादी दोर माणूस कापून काढतो. हुलपर्यंत गाळात बसलेल्या रणगाड्याला बाहेर काढायला त्याच्या वजनाइतकी ओढ पुरत नाही. गाळाची पकड तोडायला त्याहून कितीतरी जास्त जोर लागतो, म्हणूनच कप्प्या. अशा वेळी त्या माणसाच्या हातात शस्त्र नसते, शॅकल असते. तो मारायला नव्हे, सोडवायला गेलेला असतो, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. ही भावना खोटी नाही. पण तिच्यावर नैतिक निवाडा उभा राहतो का, हे तपासावे लागते.

सर्वांत जवळची तुलना रुग्णवाहिकेची. तीही आघाडीवर जाते, तीही पडलेल्याला उचलते आणि बरा झालेला सैनिक पुन्हा बंदूक हाती घेऊ शकतो. तरीही १८६४च्या जिनिव्हा करारापासून वैद्यकीय पथकांना हल्ल्यापासून संरक्षण आहे आणि १९४९च्या करारांनी ते अधिक नेमके केले. रिकव्हरी वाहनाला असे कोणतेही संरक्षण नाही. कायद्याच्या नजरेत ते रणगाड्याइतकेच लष्करी लक्ष्य आहे. परिणामांचा हिशेब केला तर हा भेद अन्यायाचा वाटेल, कारण दोन्ही कामांनी लढण्याची क्षमताच परत उभी राहते.

भेदाचे समर्थन वेगळ्या जागी आहे. रुग्णवाहिकेला जखमी माणूस उचलायचा असतो, आणि माणूस सैनिक असण्याच्या आधीही माणूस असतो. त्याला वाचवण्याला त्याने पुढे लढावे एवढाच अर्थ नाही. तो पाय गमावून घरी गेला तरी ते वाचवणे पूर्ण ठरते. कांटच्या परिभाषेत तो स्वतःच साध्य आहे. रणगाड्याला असे काही नाही. जो रणगाडा पुन्हा कधीच लढणार नाही तो ओढून आणण्यात, सुट्या भागांसाठी तो फोडायचा नसेल तर, लष्कराला काही रस नसतो. दुसरा फरक याहून बोलका आहे. जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय पथकाने शत्रूच्या जखमींनाही तशीच शुश्रूषा द्यायची असते. शत्रूचा रणगाडा रिकव्हरी वाहन ओढते ते फक्त ताब्यात घेण्यासाठी. सोडवण्याच्या कामाची ही कसोटी उपयोगी आहे. ज्या सोडवण्यात शत्रूलाही जागा असते ते माणुसकीचे काम, ज्यात नसते ते युद्धाचे.

अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मधील आपल्या ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ या ग्रंथात जवळपास हीच रेषा मागच्या बाजूला, म्हणजे कारखान्यांमध्ये, ओढली आहे. सैनिकाला माणूस म्हणून जगायला जे लागते ते पुरवणारा आणि सैनिक म्हणून लढायला जे लागते ते पुरवणारा, असे दोन वर्ग त्यांनी केले. धान्य पहिल्यात, दारूगोळा दुसऱ्यात. या विभागणीत वाबेंडीचा कामगार निःसंशय दुसऱ्या बाजूला पडतो, मग तो तोफेची नळी बनवत असो की विंचचे पिंप. सीसिल फाब्रे यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी या रेषेवरच आक्षेप घेतला, कारण उपाशी सैनिक लढू शकत नाही. पण तो आक्षेप मान्य केला तरी रिकव्हरी वाहन निर्दोष ठरत नाही. फार तर शेतकरीही सहभागी ठरतो.

सहभागाचा हा प्रश्न कॅथलिक परंपरेने शतकानुशतके उकलला आहे. १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी ढिल्या नीतिशास्त्रातील ६५ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतले एक विधान नोकराविषयी होते. मालक कुमारिकेची अब्रू घेण्यासाठी खिडकीतून घरात शिरणार आहे, हे ठाऊक असूनही जो नोकर त्याला खांदा देतो किंवा शिडी धरतो, तो निव्वळ नोकरी जाण्याच्या भीतीने तसे करत असेल तर गंभीर पापाचा धनी होत नाही, असे काही पंडित म्हणत. पोपने ते नाकारले. पुढे अठराव्या शतकात आल्फोन्सस लिगोरी यांनी यातून एक भेद स्पष्ट केला. दुसऱ्याच्या दुष्कृत्याचा हेतूच आपला मानून केलेले सहकार्य एक, आणि हेतू न स्वीकारता केवळ कृतीने लागलेला हातभार दुसरा. पहिले कधीच क्षम्य नाही. दुसरे क्षम्य आहे की नाही हे हातभार दुष्कृत्याच्या किती जवळ आहे, तो नसता तर ते घडले असते का आणि नकार देण्याची किंमत काय, यावर ठरते.

शिडीचा कस रिकव्हरी वाहनाला लावून पाहावा. ओढणारे चालकदल आपल्या लष्कराचा हेतू बाजूला ठेवून, केवळ पगारासाठी दोर लावत नाही. रणगाडा परत लढावा हेच त्याला हवे असते. म्हणजे हे हेतूसकट सहकार्य झाले. थॉमस अक्वायनसपासून चालत आलेला द्विविध परिणामाचा सिद्धांतही इथे आधाराला येत नाही. चांगल्या कृतीचा आधी दिसणारा पण हेतू नसलेला अनिष्ट परिणाम क्षम्य असू शकतो, असे तो सांगतो. पण परत उभी राहिलेली मारकशक्ती हा रिकव्हरीचा आडपरिणाम नसून तिचे उद्दिष्टच आहे. इथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. लिगोरींची चौकट दुष्कृत्यातील सहकार्याविषयी आहे. युद्धच न्याय्य असेल तर ओढणारा न्याय्य कामात सहभागी आहे आणि शिडीचा दृष्टांत गैरलागू ठरतो.

म्हणून प्रश्न युद्धाच्या न्याय्यतेकडे वळतो, आणि त्या विषयात पोलंडची स्वतःची जुनी पुंजी आहे. क्राकूव विद्यापीठाचे रेक्टर राहिलेले स्कारबिमिएझचे स्टानिस्लाव यांनी १४१०च्या सुमारास न्याय्य युद्धांवर एक प्रवचन लिहिले. युद्ध कोण करते, कशासाठी, कोणत्या कारणाने, कोणत्या मनोवृत्तीने आणि कोणाच्या अधिकाराने, या पाच अंगांनी त्यांनी न्याय्यता तपासली. त्यांचेच समकालीन पावेल व्लोदकोवित्स यांनी कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत ट्यूटॉनिक सरदारांच्या विरोधात पोलंडची बाजू मांडली आणि केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून कुणाची भूमी बळकावता येत नाही, असे ठासून सांगितले. या वादाचा एक पदर थेट सहभागाचा होता. पोलंडच्या राजाने ख्रिस्ती सरदारांविरुद्ध बिगर-ख्रिस्ती सैन्याची मदत घेतली, ते योग्य होते का? क्राकूवच्या पंडितांचे उत्तर होते की युद्ध न्याय्य असेल तर मदतनिसाचा धर्म त्याला अन्याय्य करत नाही. हे उत्तर उलट बाजूनेही वाचता येते. युद्ध अन्याय्य असेल तर मदतनिसाचे निर्मळ मनही त्याला न्याय्य करत नाही.

भारतीय परंपरांनी हाच प्रश्न जास्त कडक मापाने मोजला, आणि त्यात जैनांचे माप सर्वांत बारीक. भगवतीसूत्र या श्वेतांबर आगमात हिंसेशी जोडलेल्या पाच क्रिया सांगितल्या आहेत: कायिकी, आधिकरणिकी, प्राद्वेषिकी, पारितापनिकी आणि प्राणातिपातिकी. त्यातली दुसरी साधनांशी संबंधित आहे आणि तिचे पुन्हा दोन प्रकार केले आहेत. नवे शस्त्र घडवणे हे निर्वर्तन, आणि आधीच घडलेल्या सुट्या भागांची जुळणी करून ते वापरायोग्य करणे हे संयोजन. तुटलेल्या पट्ट्याचे दुवे बसवणारा, क्रेनने जुने इंजिन उपसून नवे उतरवणारा हात या दुसऱ्या प्रकारात नेमका बसतो. शस्त्र मुळात आपण बनवले नाही, आपण फक्त जोडले, ही पळवाट जैन आचार्यांनी रणगाड्यांच्या कितीतरी आधी बंद करून ठेवली होती. अर्थात याच परंपरेने गृहस्थासाठी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद करून आत्मरक्षणातील विरोधी हिंसेला मुभाही दिली. बंधन लागते, पण ते सर्वांना सारखे लागत नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार येतात: स्वतः केलेली, करवलेली आणि संमती दिलेली. व्यासभाष्याने लोभ, क्रोध, मोह आणि त्यांच्या तीव्रतेच्या पायऱ्या धरून हे भेद ८१ पर्यंत नेले. अंगुत्तर निकायात बुद्धांनी उपासकाला वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पाच व्यापारांत पहिला शस्त्रांचा आहे. रिकव्हरी वाहनाची विक्री शस्त्रांच्या व्यापारात मोडते का, असा वाद कुणी घालू शकेल. विकणाऱ्या देशाची निर्यात-परवाना देणारी यंत्रणा तो घालत नाही, तिच्या यादीत ते लष्करी साहित्यच असते.

या विषयावरचा सर्वांत समृद्ध दृष्टांत मात्र महाभारतात आहे, आणि तोही एक नव्हे, दोन. जयद्रथवधाच्या दिवशी अर्जुनाचे घोडे थकतात, बाणांनी घायाळ होतात. कृष्ण भर रणात रथ थांबवतो. अर्जुन पायउतार होऊन एकटा शत्रूला थोपवून धरतो, बाणाने भूमीतून पाणी काढतो, बाणांचाच निवारा उभा करतो. त्या आडोशाला कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो, चोळून लोळवतो आणि पुन्हा जुंपतो. आघाडीवरची दुरुस्ती याहून चोख रंगवलेली क्वचितच सापडेल. कृष्णाने शस्त्र न धरण्याचे वचन दिले होते आणि या कामात ते अक्षरशः पाळले गेले. पण कृष्ण युद्धात नव्हता, असे महाभारतातले कोणतेही पात्र म्हणत नाही. युद्ध संपल्यावर गांधारी शाप देते तो त्यालाच. अडवण्याचे सामर्थ्य असून त्याने विनाशाची उपेक्षा केली, हा तिचा आरोप आहे. त्याने किती बाण सोडले, हे ती मोजत नाही.

दुसरा प्रसंग कर्णाचा. रथाचे डावे चाक भूमीने गिळले आहे. कर्ण खाली उतरतो, दोन्ही हातांनी चाक ओढतो. पृथ्वी चार अंगुळे वर उचलली जाते, चाक मात्र निघत नाही. तो अर्जुनाला क्षणभर थांबायला सांगतो. शस्त्र ठेवलेल्यावर, कवच तुटलेल्यावर, शरण आलेल्यावर वीर बाण सोडत नाहीत, याची तो आठवण देतो. कृष्णाचे उत्तर प्रसिद्ध आहे: द्यूत, लाक्षागृह, द्रौपदी, अभिमन्यू, या प्रत्येक वेळी हा धर्म कुठे होता? कीर्तनात आणि पाठ्यपुस्तकात गोष्ट इथेच थांबते आणि वाद कर्णाच्या पूर्वचारित्र्याचा होऊन बसतो. कर्णपर्वात मात्र पुढे आणखी काही घडते. कर्ण लाजतो, धनुष्य उचलतो, त्याच अवस्थेत अर्जुनावर अस्त्रे सोडतो, त्याला घायाळ करतो, आणि ती सवड साधून पुन्हा चाकाकडे वळतो. म्हणजे चाक काढणे आणि बाण मारणे ही एकाच लढाईची दोन टोके आहेत, असे त्याच्याच कृतीने सिद्ध होते. शस्त्र टाकलेल्याचे संरक्षण मागायचे असेल तर चाक लढण्यासाठी काढता येत नाही. कृष्णाने दिलेले उत्तर भावनेला पटणारे आहे. नीतीला पटणारे उत्तर कर्णाच्या दुसऱ्यांदा उचललेल्या धनुष्यात आहे.

हा प्रश्न भारताला केवळ ग्रंथांतून भिडत नाही. भारतीय लष्कर हे डब्ल्यूझेडटी-३चे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बीईएमएल या कंपनीने पोलंडच्या सहकार्याने ही वाहने पुरवली आणि २०१२ मध्ये आणखी २०४ वाहनांचा करार झाला. ती वापरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या कोअरचे ब्रीद ‘कर्म ही धर्म’ असे आहे. वर्कशॉपमध्ये रात्र काढणाऱ्या माणसाला हे ब्रीद बळ देते यात शंका नाही. तत्त्व म्हणून ते अर्धे आहे. गीतेत कर्माची महती सांगताना कोणते कर्म आणि कोणत्या बुद्धीने, हे दोन्ही प्रश्न सतत सोबत चालतात. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्यामुळे एकट्यानेच सगळे केले हा अहंकार गळतो. माझे काहीच नव्हते, अशी सुटका मात्र त्यातून मिळत नाही.

गांधीजींनी या सुटकेचा मोह स्वतःच्या बाबतीत उघडपणे नाकारला. बोअर युद्धात १८९९ मध्ये त्यांनी सुमारे ११०० हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभारले, १९०६ मध्ये झुलू बंडाच्या वेळी पुन्हा तसेच पथक नेले. आत्मकथेत मात्र त्यांनी स्पष्ट लिहिले की युद्धात जखमींची शुश्रूषा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सद्सद्विवेकाच्या कारणावरून लष्करी सेवा नाकारणाऱ्यांसाठी १९१६ मध्ये बिनशस्त्र कामांचे एक दल काढण्यात आले. काहींनी तेही नाकारले आणि तुरुंग पत्करला. त्यांचे म्हणणे होते की आपण रस्ता बांधला तर तो बांधणारा दुसरा माणूस बंदूक घ्यायला मोकळा होतो. हे टोक गाठले की कर भरणाराही दोषी ठरतो, हे खरे. पण रुग्णवाहकाला दोषमुक्त न मानणारा गांधीजींचा निकष रिकव्हरी वाहनाला तर सहजच लागू पडतो.

इतक्या सगळ्या कसोट्यांनंतर चिखलातून शॅकल घेऊन चालत जाणाऱ्या माणसाबद्दल वाटणाऱ्या आदराचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. त्याला उत्तम उत्तर वॉर्साच्या तादेउश कोतार्बिन्स्की (१८८६–१९८१) यांच्याकडे मिळते. त्यांचा ‘चांगल्या कामावरील प्रबंध’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही कृती कार्यक्षम, नेमकी, काटकसरी, चिकाटीची आहे की नाही, याची चिकित्सा करणारे शास्त्र त्यांनी त्यात उभे केले, आणि हे मूल्यमापन नीतीपासून वेगळे आहे हे पुनःपुन्हा बजावले. कुशल दरोडेखोरही कुशलच असतो. नीतीसाठी त्यांनी दुसरा आदर्श मांडला. संकटात ज्याच्यावर विसंबता येते, जो आपल्या जबाबदारीतल्या माणसाला सोडून पळत नाही, असा भरवशाचा पाठीराखा हा त्यांच्या मते सज्जनपणाचा गाभा. कोतार्बिन्स्की नास्तिक होते आणि ही नीती देवाच्या आज्ञेवर टेकू नये असा त्यांचा आग्रह होता. १९५७ पासून पाच वर्षे ते पोलिश विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. वाबेंडीत तेव्हा टी-५४ बनत होते.

रिकव्हरी चालकदल हे या पाठीराख्याचे जवळजवळ शब्दशः उदाहरण आहे. अडकलेल्या रणगाड्यातल्या तिघा-चौघांना खात्री असते की कुणीतरी येईल. ही खात्री हे मोठे मूल्य आहे, आणि ते न्याय्य युद्धात जितके खरे तितकेच अन्याय्य युद्धातही खरे असते. तिथेच त्याची मर्यादाही आहे. आपल्या माणसाशी निष्ठा हा सद्गुण आहे, निरपराधपणाचा दाखला नाही. २०२२ नंतर युक्रेनच्या शेतांत दोन्ही बाजूंची रिकव्हरी पथके सारख्याच धैर्याने सारख्याच चिखलात उतरत होती. दोघांच्या धैर्याला वेगवेगळे गुण देता येत नाहीत. पण एक बाजू स्वतःची भूमी राखत होती आणि दुसरी ती घेत होती, आणि ओढून काढलेल्या रणगाड्याच्या पुढच्या प्रत्येक गोळ्याचा हिशेब त्यावरच ठरतो. पोलंडने त्याच वर्षी आपले दोनशेहून अधिक टी-७२ युक्रेनला दिले. तो निर्णय योग्य होता असे मानणाऱ्याला, तो शस्त्रे देण्याचा निर्णय होता, हेही मानावे लागते.

जबाबदारीची उतरंडही यातून ठरते. आरेखन करणाऱ्याला आणि वाहन विकणाऱ्या सरकारला गिऱ्हाईक निवडता येते, नकाराची किंमत बहुधा पैशांतच मोजायची असते. आघाडीवरच्या सैनिकाला निवड जवळजवळ नसते आणि नकाराची किंमत कोर्टमार्शल असते. लिगोरींच्या मापाने जवळीक सैनिकाची जास्त, मोकळीक आरेखकाची जास्त, आणि दोषाचे वजन मोकळिकीकडे झुकते. म्हणून या वाहनांबद्दलचा नैतिक प्रश्न विचारायची खरी जागा रणांगणावर नसून निर्यात-परवान्याच्या टेबलावर आहे.

पोलंडमध्ये ही वाहने आणखी जड होत चालली आहेत. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने २५० अब्राम्स रणगाडे मागवले, आणि त्या ६५ टनांहून जड यंत्रांना डब्ल्यूझेडटी-३ पुरे पडणार नाही म्हणून सोबत २६ ‘एम८८ए२ हर्क्युलिस’ रिकव्हरी वाहनेही मागवली. त्यांच्यावर लाल क्रॉस नाही. कायद्याने तो लावता येत नाही, आणि कायद्याची ही बाजू बरोबर आहे.